मे महिन्यापुरती बाहेरची

३० एप्रिल १९८६

पत्र आलं. नववी 'ब'ची निकालपत्रकं लिहीत बसले होते. दादू शिपायाने ते निकालपत्रकांवरच ठेवलं. 'सुलक्षणाबाई, सही.'

'आपली सेवा आज कार्यालयीन वेळेनंतर संपुष्टात येत आहे.' चौथं वर्ष, चौथं पत्र. स्टेन्सिल तीच. इतकी झिजली आहे की मजकूर धड वाचता येत नाही. तारीख तेवढी ठळक, कारण ती पेनने घालतात.

सही केली आणि पुन्हा लिहायला बसले. सतरा पत्रकं राहिली होती. दादू घुटमळला. म्हणाला, 'बाई, पाच वाजले. तुमची नोकरी संपली ना? मग कशापायी लिवताय?'

या शाळेत विचार करणारा माणूस तो एकटाच.

वनमालाबाई समोर स्वेटर विणत होत्या. घाटकोपरमध्ये, एप्रिलमध्ये, स्वेटर! 'मनाला लावून घेऊ नकोस गं,' म्हणाल्या. 'एकदा कायम झालीस ना, की बघ. मी बारा वर्षांत एक नवीन पुस्तक उघडलेलं नाही.' तक्रार नव्हती ती. अभिमान होता.

२ मे

बाबांनी आज विचारलंच. 'ह्या वर्साक तरी कायम करतले मां गो?' मिलमधून निवृत्त झाल्यापासून ते वर्ष माझ्या पत्रांवरून मोजतात. घरात पगार माझाच. मे महिन्यात तोही नाही. 'बघू,' म्हटलं.

खरं काय ते इथे लिहून ठेवते. दुसरीकडे कुठे लिहिणार?

माझी जागा राखीव आहे. मागासवर्गीय उमेदवारासाठी. शाळा दर मे महिन्यात तिची जाहिरात देते. कुठे? भांडुपला छापल्या जाणाऱ्या एका चार पानी साप्ताहिकात, जे विकत घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. अर्ज येत नाही. कसा येणार! मग निवड समिती बसते, चहा पिते आणि वहीत लिहिते — 'योग्य उमेदवार मिळाला नाही.' मग त्या जागेवर मला वर्षापुरतं घेतात. चार वेळा लिहून झालं. आमचा क्लार्क धोंडिराम म्हणतो, पाच वेळा झालं की जागा खुली करून मागता येते. मग मी कायम.

मला हे पहिल्या वर्षापासून माहीत आहे. हेही लिहून ठेवलेलं बरं.

६ मे

रोज शाळेत जाते. नोकरीत नसताना. निकालाचं रजिस्टर कोण करणार? कायम लोक गावी गेले. वाचनालयाची यादीही माझ्याच गळ्यात. हेडसर म्हणाले, 'तुम्ही आहात म्हणून बरंय.' कागदावर मी नाही. त्यांना दोन्ही एकाच वेळी बोलता येतं, चेहरा न हलवता.

१४ मे

अर्ज आला!

धोंडिराम धावत वाचनालयात. 'बाई, वाट लागली. कॅन्डिडेट आली.' द्रौपदी गायकवाड. एम.ए., बी.एड. राहणार रमाबाई कॉलनी, इथून बसने दोन स्टॉप. अर्जाला जाहिरातीचं कात्रण टाचलेलं.

'पण त्या पेपरात बघितलं कुणी?' मी म्हटलं.

'तिचा भाऊ तिथे कंपोझिटर आहे. खिळे जुळवतो. आपली जाहिरात त्यानेच लावली!'

चार वर्षं या लोकांनी, कुणी वाचू नये म्हणून जाहिरात छापली. छापायची तर कुणीतरी अक्षर-अक्षर वाचून जुळवणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. शिक्षणसंस्था आहे ही.

मी हसले. धोंडिराम म्हणाला, 'हसताय काय? जागा तुमची जातेय.'

मग हसायची थांबले.

१९ मे

चेअरमन चंद्रप्रकाशशेठ आले होते. आग्रा रोडला प्लायवूडचं दुकान. वर्गांची दारं त्यांच्याच दुकानातली आहेत, फुगलेली, लागत नाहीत. मला केबिनमध्ये बोलावलं.

'मॅडम, आपण फॅमिली ना! टेन्शन नाय लेनेका. टीचर म्हणजे काय, बल्ब असतो. चांगला पेटतोय तर कशाला बदलायचा?'

मला बरं वाटावं म्हणून म्हणाले. चार वर्षांत या संस्थेने शिक्षकाविषयी मांडलेला हा एकमेव विचार.

हेडसर म्हणाले, 'तसा आपण कुणी भेदभाव मानत नाही. पण पालकांचंही बघावं लागतं. उच्चार वगैरे.' आणि माझ्याकडे पाहिलं, मराठीची बाई म्हणून, मी मान डोलवेन या खात्रीने.

उच्चार! जात विचारायची सभ्य पद्धत आहे ती. मला ठाऊक आहे. मी मान डोलवली नाही. नाही म्हणाले का? तेही नाही.

२३ मे

आज कळलं, मला का सांभाळून घेतायत.

मुलाखतीच्या समितीत चेअरमन, हेडसर आणि एक विषयतज्ज्ञ लागतो. तज्ज्ञ शाळेबाहेरचा हवा. गेल्या चार वर्षांत तज्ज्ञ कधी आलाच नाही, उमेदवारच नव्हता. धोंडिराम म्हणाला, 'बाई, तज्ज्ञ तुम्हीच.'

'मी? मी या शाळेत शिकवते.'

'तीस एप्रिलपर्यंत. आज तुम्ही आमच्या नोकर नाहीत. म्हणजे बाहेरच्याच ना? एम.ए. फर्स्ट क्लास. झकास तज्ज्ञ!'

टेबलावर माझ्यासमोर रजिस्टर उघडं होतं, माझ्याच अक्षरातलं, अर्धं झालेलं.

'अहो, पण जागा माझी आहे. मीच तिची परीक्षा घ्यायची?'

'जागा कुणाचीच नाही. ती राखीव आहे. तुमचा अर्जसुद्धा नाही त्या जागेला. ती नापास झाली की मग तुमचा विचार. तेव्हा तुम्ही परत आतल्या.' मग आवाज उतरवून — 'शेठचे, सरांचे गुण मी बघतो. पण तज्ज्ञाने पन्नासात पंचविसाच्या वर दिले, की का घेतलं नाही याचं वर उत्तर द्यावं लागतं. तुमच्या हातात आहे, बाई.'

हा माणूस दहावी नापास आहे. कायद्यावर प्रबंध लिहू शकेल.

२४ मे

हो म्हटलं.

२७ मे

उमेदवाराला नमुना पाठ कोणता द्यायचा तेही तज्ज्ञाने ठरवायचं. धोंडिराम म्हणाला, 'असा द्या की आडवी झाली पाहिजे.'

मी दहावीतला तो जुन्या मराठीतला उतारा दिला. सातशे वर्षांपूर्वीचं गद्य. मुलं त्याला घाबरतात. मी दरवर्षी तो मार्चमध्ये घेते, अर्ध्या तासात, अर्थ सांगून मोकळी होते.

अवघड म्हणून दिला नाही, तज्ज्ञ म्हणून दिला, असं धोंडिरामला सांगितलं. त्याने डोळा मारला.

३१ मे

मुलाखत झाली. क्रमाने लिहिते.

द्रौपदी गायकवाड. तिशीच्या आतली. काळी-सावळी, उंच, सुती साडी, हातात मुलांच्या दप्तरासारखी पिशवी. तिने तिघांनाही नमस्कार केला आणि सांगायच्या आधी बसली.

चेअरमन — 'घरून किती टाइम लागणार?' वीस मिनिटं. 'मिस्टर काय करतात?' पोस्टात. 'लहान मूल?' एक. 'मग सांभाळणार कोण?' सासू. हेडसर — 'आमच्याकडे वातावरण जरा वेगळं आहे, जमेल का?' ती म्हणाली, 'कसलं वातावरण, सर?' हेडसरांनी वर पाहिलं. पंखा लावा म्हणाले.

एकानेही तिला शेवटचं काय वाचलं ते विचारलं नाही. मुलांना चूक सापडली तर काय करता, हे विचारलं नाही. वांगी घेताना बायका याहून जास्त चौकशी करतात. वांगं निदान उलटून तरी बघतात.

मी काय विचारलं? काहीच नाही. तज्ज्ञ गप्प बसली तर जास्त तज्ज्ञ दिसते.

मग पाठ. सुट्टी म्हणून मुलं नव्हती. दादूने भटवाडीतली वीसेक मुलं लिमलेटच्या गोळ्या कबूल करून पकडून आणली. काही अनवाणी. आम्ही तिघं मागच्या बाकावर. ती मला बाहेरची समजत होती, मुलं ओळखत होती. पहिल्या बाकावरची जयंती 'गुड मॉर्निंग बाई' म्हणणार तेवढ्यात दादूने तिला डोळ्यांनी दाबलं.

द्रौपदीने पुस्तक उघडलंच नाही. विचारलं, 'घरात आजी आहे कुणाला?' पंधरा हात. 'आजी कशी बोलते? बोलून दाखवा.' मुलं लाजली. मग ती स्वतःच म्हणाली, 'माझी आजी नगरकडची. ती म्हणायची — लेकरू उपाशी हाय म्हून रडतंय.' मुलं हसली. ती पण हसली. 'हसा. मी शाळेत असं बोलले तर बाई मला उभं करायच्या.' मग एक मुलगा म्हणाला, आमची आजी पण 'म्हून' म्हणते. दुसरी म्हणाली, आमची आजी 'खंय गेलंस' म्हणते. फळ्याचा डावा भाग भरला. आजीचे शब्द.

मग तिने उतारा उघडला. पहिली ओळ सावकाश वाचली. 'म्हणौनि' आला, तिने 'म्हून'कडे बोट दाखवलं. 'लेंकरूं' आलं, मुलांनीच ओरडून दाखवलं. पाचव्या ओळीपासून मुलं पुढे आणि ती मागे. म्हणाली, 'हे पुस्तक तुमच्या आजीचं आहे. मधल्या लोकांनी तिला अशुद्ध म्हटलं.'

पस्तीस मिनिटं. कुणी गोळी मागितली नाही.

चेअरमन झोपले होते. हेडसर घड्याळ बघत होते. मी लिहून घेत होते. अभिप्रायाच्या कागदावर नव्हे. तिचा पाठ, माझ्या वहीत. चोरीच ती.

१ जून

व्यक्तिमत्त्व पाच. फलकलेखन पाच. विषयज्ञान सहा. वर्गनियंत्रण चार.

उच्चार — दोन.

बेरीज बावीस.

३ जून

धोंडिरामने वहीत लिहिलं — 'योग्य उमेदवार मिळाला नाही.' खाली तीन सह्या. तिसरी माझी. 'आता जागा खुली मागायचं पत्र तयार करतो,' म्हणाला. 'दिवाळीच्या आत तुमचं काम.' बाबांना सांगितलं. बाबा बाहेर जाऊन अर्धा किलो पेढे घेऊन आले. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला पण दिले. मी त्यांना थांबवलं नाही.

९ जून

शाळा सुरू. नवीन नेमणूकपत्र. हजेरीपटावर सही. वनमालाबाई नवा स्वेटर घेऊन आल्या आहेत, लिंबाच्या रंगाचा. 'ऐकलं हो! आता सुखात पड.'

पडावं म्हणतात, उभं राहा म्हणत नाहीत. यांच्याकडे कायम होणं म्हणजे आडवं होणं. चांगल्याला दरवर्षी हाकलायचं आणि थकलेल्याला मरेपर्यंत ठेवायचं! कुणी मुद्दाम ठरवलं असतं तर इतकं नीट जमलं नसतं. शिक्षक निवडायचा तर त्याच्या वर्गात मागे बसावं, आठवडाभर, जागं राहून. आवडला तर लगेच सांगावं, बाई, राहा. मे महिन्यातही राहा. यापलीकडे काय लागतं? प्लायवूड तर लागत नाही.

मोठं बोलले. मी एक तास मागे बसले होते, जागी होते, आणि बावीस दिले.

१६ जून

ती आली. लेखी निकाल मागायला. मी दहावी 'अ'मधून बाहेर पडत होते, हातात खडू, काखेत हजेरी. समोरासमोर.

'तुम्ही इथं?'

मी हजेरी दुसऱ्या काखेत घेतली.

तिने वर्गाकडे पाहिलं, खडूकडे पाहिलं. 'तुम्ही तर बाहेरच्या ना?'

'तेव्हा होते.'

'तेव्हा म्हणजे कव्हा? पंधरा दिवसांमागं?' चिडली की तिची भाषा घरी जाते. मग शांतपणे — 'किती दिले, बाई?'

'बावीस.'

'पन्नासात?'

'हो.'

'कशात कापले?'

खोटं सांगता आलं असतं. 'उच्चारात.'

ती हसली. वाईट हसली नाही. एखादी चूक नेहमीच्याच जागी सापडावी तशी हसली. 'पोरांना कळलं होतं ना?'

'कळलं होतं.'

'बरं,' म्हणाली आणि ऑफिसकडे गेली. मी धोंडिरामचा तिरस्कार करते, शेठचा करते, वनमालाबाईंचा करते. तिने माझा केला नाही. मला मोजलं, बाजूला ठेवलं आणि कामाला गेली.

४ जुलै

तिने तक्रार केली. शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयाचं पत्र आलं. एकच प्रश्न — 'सदर निवडीतील विषयतज्ज्ञाचा शाळेशी संबंध होता काय? संबंधितांच्या लेखी निवेदनासह खुलासा करावा.' मुदत पंधरा दिवस.

हेडसर घामाघूम. चेअरमन फोनवर — 'मॅडमला सांगा, दोन लाइन लिहायच्या, बस.'

८ जुलै

धोंडिरामने मसुदा करून आणला. टाइप केलेला, खाली माझं नाव.

'दि. १ मे ते ८ जून या कालावधीत माझा सदर शाळेशी कोणत्याही प्रकारचा संबंध नव्हता. मी या काळात शाळेत कोणतेही काम केलेले नाही.'

'हे सही केलं की निवड पक्की,' तो म्हणाला. 'जागा खुली, तुम्ही कायम.'

'आणि नाही केलं तर?'

'तर निवड रद्द. त्या बाईची मुलाखत परत, कार्यालयाच्या माणसासमोर. ती पास होणार, तुम्हाला पण माहितीये. मग तुम्ही घरी.' दोन्ही हात पसरून उभा राहिला. त्याला खरंच माझी काळजी वाटते. हा त्यातला सगळ्यात वाईट भाग.

मी म्हटलं, 'निकालाचं रजिस्टर कुणी केलं? मे महिन्यात?'

'ते कोण बघतंय!'

'अक्षर माझं आहे.'

'शाळेत सगळ्यांचं अक्षर सारखंच असतं, बाई.'

९ जुलै

वनमालाबाई म्हणाल्या, 'कर गं सही. मे महिन्यात कोण शिक्षक असतो? मी पण नसते.'

'तुम्हाला पगार मिळतो.'

'ते वेगळं.' आणि टाके मोजू लागल्या.

१३ जुलै

रविवार. मसुदा चार वेळा वाचला. 'कोणत्याही प्रकारचा संबंध नव्हता.' भाषा म्हणून वाक्य निर्दोष आहे. मला तेच सहन होत नाही.

चार मे महिने मी त्या इमारतीत काढले. एकशे ऐंशी निकालपत्रकं एकेका वर्षाला. वाचनालयातली फाटकी पुस्तकं खळ लावून चिकटवली. पगार नव्हता, हजेरी नव्हती, पंखासुद्धा बंद. हेडसर वीज वाचवतात. या सगळ्यावर मी स्वतः लिहून द्यायचं, की तिथे कुणी नव्हतं. आजवर ते ही गोष्ट मला दरवर्षी सांगत होते. आता मी त्यांना सांगायची, एकदाच, सहीनिशी, आणि बक्षीस म्हणून कायम व्हायचं.

बाबांना विचारलं, 'बाबा, मिलमध्ये तुम्ही बदली कामगार होतात तेव्हा, ज्या दिवशी काम नसे त्या दिवशी कोण होतात?'

बाबा म्हणाले, 'कोण म्हणजे? गेटार उभो असंय. कामगारच मां!'

आणि पेपर वाचायला लागले.

१८ जुलै

धोंडिरामचा कागद परत दिला. दुसरा लिहिला, हाताने. निरीक्षकांच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिला. पोच घेतली.

'मे महिन्यातही मी या शाळेची शिक्षिका होते. रजिस्टर माझ्या अक्षरात आहे, तपासावे. म्हणून मी बाहेरची तज्ज्ञ नव्हते. श्रीमती गायकवाड यांचा पाठ उत्तम होता. उच्चारात दिलेले गुण खोटे आहेत.'

घरी आले. बाबांनी विचारलं, 'काय झाला गो?'

सांगितलं.